निर्वासितांचा ताफा आणि घुमटाखालचे शेत

१७ सप्टेंबर १९७८ च्या रात्री अमेरिकेतील एबीसी या वाहिनीवर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या विज्ञानकथा-मालिकेचा पहिला भाग दाखवला जात होता. यंत्रमानवांच्या हल्ल्यात मानवाच्या बाराही वसाहती बेचिराख होतात. वाचलेली माणसे हाताला लागेल त्या यानात चढतात आणि दोनशेवर यानांचा ताफा, सोबत उरलेली एकच मोठी युद्धनौका घेऊन, पृथ्वी नावाच्या अज्ञात ग्रहाच्या शोधात निघतो, अशी ही कथा. प्रक्षेपण मध्येच थांबले. पडद्यावर कार्टर, सादात आणि बेगिन दिसू लागले. कॅम्प डेव्हिड येथील करारावर सह्या होत होत्या. काल्पनिक निर्वासितांची गोष्ट खऱ्याखुऱ्या तहाच्या बातमीने तोडावी, असा योग क्वचितच येतो.

मालिकेला नाव मिळाले ते युद्धनौकेचे. मुलांच्या हाती खेळणी म्हणून आली तीही लढाऊ विमानेच. आम्हाला मात्र या लेखात त्या ताफ्यातल्या बाकीच्या यानांविषयी लिहायचे आहे. प्रवासी जहाज, मालवाहू जहाज, इंधन शुद्ध करणारे जहाज, गुरांचे जहाज, तुरुंगाचे जहाज, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतीचे जहाज. लढाई महिन्यातून एकदा होते, भूक मात्र दिवसातून दोनदा लागते. हा हिशोब विज्ञानकथेने कधी मांडायला घेतला आणि कितपत नीट मांडला, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

सुरुवात शेतीजहाजाच्या चित्रापासून करू. १९७८ च्या मालिकेत हे जहाज दिसते ते असे: लांबलचक पोलादी सांगाडा, त्याला जोडलेले पारदर्शक घुमट, आणि घुमटांखाली हिरवीगार झाडी. हे दृश्य मालिकेसाठी चित्रित केलेलेच नव्हते. ते 'सायलेंट रनिंग' या १९७२ च्या चित्रपटातून उचललेले होते. दोन्हींची निर्मिती युनिव्हर्सल या एकाच कंपनीची, त्यामुळे जुनी फिल्म पुन्हा वापरणे स्वस्त पडले. चित्रपटाचे दिग्दर्शक डग्लस ट्रम्बल यांच्या हाताखाली प्रतिकृतींचे काम केलेले जॉन डाइक्स्ट्रा हेच पुढे गॅलॅक्टिकाच्या विशेष दृश्यांचे प्रमुख होते. आणखी एक गंमत अशी, की चित्रपटातील यानाच्या आतील भागाचे चित्रीकरण 'व्हॅली फोर्ज' या अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू नौकेवर झाले. १९४६ साली सेवेत आलेली ही नौका १९७० मध्ये निवृत्त झाली होती आणि भंगारात निघण्यापूर्वी चित्रपटवाल्यांच्या हाती आली. चित्रपटातील यानाचे नावही 'व्हॅली फोर्ज'च ठेवले. थोडक्यात, ताफ्याला अन्न पुरवणारे जहाज मुळात एक मोडीत निघालेली युद्धनौका होते.

'सायलेंट रनिंग'च्या कथेत पृथ्वीवरची सगळी वने नष्ट झाली आहेत. शेवटची वने या घुमटांत जपून शनीजवळ ठेवली आहेत. ती नष्ट करण्याचा हुकूम येतो, तेव्हा यानावरचा वनस्पतितज्ज्ञ बंड करतो. पुढे झाडे कोमेजू लागतात आणि का, ते त्याला काही केल्या कळत नाही. बऱ्याच वेळाने त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की सूर्य लांब राहिला आहे! वनस्पतितज्ज्ञाला हे इतक्या उशिरा सुचावे, याचे आम्हाला हसू येते. पण वर्गात सांगायला उदाहरण उत्तम आहे. शनीचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या साडेनऊ पट. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे तेथे ऊन पृथ्वीच्या सुमारे नव्वदावा हिस्सा. तेवढ्या उजेडात पुस्तक आरामात वाचता येईल. आपल्या बहुतेक वर्गखोल्यांपेक्षा तो उजेड जास्तच भरेल. गहू मात्र त्यात पिकणार नाही.

निर्वासितांचा ताफा तर दोन ताऱ्यांच्या मधल्या काळोखात फिरतो. तेथे घुमट पारदर्शक असण्याचा उपयोग फक्त कॅमेऱ्याला. आतला दिव्यांचा उजेड मात्र त्यातून फुकट बाहेर जाईल.

आता घुमटाची कल्पना कुठून आली ते पाहू. रशियाचे कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले होते, की लांबच्या अवकाशप्रवासात माणसाने सोबत वनस्पती न्याव्यात. त्या त्याचा उच्छ्वास शोषतील, प्राणवायू देतील आणि अन्नही देतील. १९२० साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या 'पृथ्वीबाहेर' या कादंबरीत यानाला जोडलेले हरितगृहच आहे. हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते, आधी बोरोव्हस्कला आणि मग कालूगाला. लहानपणच्या आजाराने ऐकू फारसे येत नसे. तरी वर्षानुवर्षे त्यांनी गणित आणि भौतिकी शिकवले. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी १९१८ च्या जानेवारीत मानवजातीच्या अखेरच्या स्थलांतरावर एक टिपण लिहिले. सूर्य विझल्यावर माणसांनी दुसऱ्या ताऱ्याकडे कसे जावे, हा त्याचा विषय. लोक हसतील या भीतीने असेल, पण ते त्यांनी पाकिटात बंद करून ठेवले. आणि १९२९ मध्ये जे. डी. बर्नाल या तरुण स्फटिकशास्त्रज्ञाने सोळा किलोमीटर व्यासाच्या पोकळ गोलाची कल्पना मांडली. त्यात वीस-तीस हजार माणसे राहतील, आणि तो गोल एखाद्या सजीवासारखा आपले पदार्थ पुन्हा पुन्हा वापरील. यान म्हणजे केवळ वाहन नव्हे, त्याला चयापचय असतो, ही दृष्टी बर्नाल यांची. आमच्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे वाक्य, आणि ते कथालेखकाने नव्हे, प्रयोगशाळेतल्या माणसाने लिहिले.

शेत वेगळे आणि घर वेगळे, ही कल्पना मात्र त्यानंतरची. प्रिन्स्टनचे भौतिकीचे प्राध्यापक जेरार्ड ओनील यांनी १९७४ साली अवकाश-वसाहतींचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात माणसे मोठ्या नळकांड्यात राहतात आणि शेती बाजूच्या स्वतंत्र कक्षांत होते. याला कारणे आहेत. पिकांना कर्बवायू जास्त लागतो. माणसाला तो वाढलेला सोसत नाही. गव्हाला चोवीस तास उजेड दिला तरी चालतो, माणसाला झोप हवी. शिवाय एका कक्षात तांबेरा पडला तर दुसरा कक्ष वाचतो. तेव्हा चार वर्षांनी आलेल्या मालिकेतील वेगळ्या शेतीजहाजांमागे काही एक शास्त्र होते, जाणूनबुजून असो वा नकळत. फक्त त्या ताफ्यात अशी जहाजे तीनच! मालिकेच्या एका भागात शत्रूच्या हल्ल्यात त्यांपैकी दोन नष्ट होतात, तिसऱ्यातली रोपे जातात आणि बियाण्यासाठी एका परक्या ग्रहावर उतरावे लागते. दोनशेवर जहाजांच्या ताफ्यात अन्नाच्या तीनच टोपल्या ठेवणारा नियोजनकार आम्ही तरी नोकरीवर ठेवला नसता.

येथे एक साधा हिशोब करून पाहू. नववी-दहावीचा विद्यार्थीही तो करू शकेल. ताफ्यात पन्नास हजार माणसे धरू. एका माणसाला दिवसाला सुमारे २४०० किलोकॅलरी, म्हणजे १ कोटी जूल ऊर्जा अन्नातून लागते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले तर ११६ वॅट येतात. म्हणजे प्रत्येक माणूस हा शंभर-सव्वाशे वॅटचा, सतत जळणारा दिवा. आता हे अन्न दिव्यांच्या उजेडात पिकवायचे. आपल्या शेतात गव्हावर पडणाऱ्या उन्हापैकी दाण्यात जाऊन बसणारी ऊर्जा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. नियंत्रित कक्षात उदारपणे दोन टक्के धरू. दिवे विजेपैकी निम्मी ऊर्जा उजेडात बदलतात असे समजू. म्हणजे शंभर भाग वीज घातली की एक भाग अन्न. माणशी ११.६ किलोवॅट झाले, पन्नास हजारांचे ५८० मेगावॅट. तारापूरच्या तिसऱ्या किंवा चौथ्या अणुभट्टीची क्षमता ५४० मेगावॅट आहे. अशी एक अख्खी अणुभट्टी रात्रंदिवस फक्त शेतातले दिवे पेटते ठेवायला लागेल. ही सारी ऊर्जा शेवटी उष्णतेत बदलणार, आणि बाहेर निर्वात पोकळी असल्याने ती फक्त प्रारणाने बाहेर टाकता येणार. तेव्हा खऱ्या शेतीजहाजाला काचेचे घुमट नसतील. उष्णता फेकणारे प्रचंड काळे पंखे असतील. दिसायला ते मुळीच देखणे नसेल.

हवेचे काय? माणूस दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू घेतो आणि एक किलोच्या आसपास कर्बवायू सोडतो. पन्नास हजारांचा प्राणवायू रोजचा ४२ टन होतो. सुदैवाने जे पीक अन्न देते तेच प्राणवायूही देते. कागदावर दोन्ही बाजू जुळतात. प्रत्यक्षात जुळवताना काय होते हे पाहण्यासाठी माणसाने स्वतःला कोंडून घेतले, तो इतिहास कोणत्याही मालिकेपेक्षा रंजक आहे.

१९६१ मध्ये मॉस्कोत येव्गेनी शेपेलेव्ह या शास्त्रज्ञाने क्लोरेला या हिरव्या शेवाळाच्या सोबतीने एका बंद पेटीत चोवीस तास काढले. श्वासाला हवा शेवाळाने पुरवली. सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे १९७२ साली 'बायोस-३' हा सुमारे ३१५ घनमीटरचा बंद कक्ष तयार झाला आणि त्यात तिघांनी सहा महिने काढले. झेनॉनच्या दिव्यांखाली गहू आणि भाजीपाला, हवा जवळजवळ पूर्णपणे आतलीच, पाणीही बहुतांश आतलेच. अन्नाचा बराचसा भाग मात्र आधी साठवलेला होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पडद्यावर 'सायलेंट रनिंग'चे घुमट झळकत होते. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते.

सर्वांत बोधक प्रयोग अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात झाला. 'बायोस्फिअर-२' या सव्वा हेक्टरच्या काचघरात २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जणांनी प्रवेश केला आणि दोन वर्षे ते आत राहिले. सोळा महिन्यांत आतील प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर उतरला. चार हजार मीटर उंचीवर राहिल्यासारखी माणसांची अवस्था झाली. अखेर बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण शोधताना एक कोडे पुढे आले. शेतातली माती सेंद्रिय द्रव्याने समृद्ध होती, तिच्यातले जीवाणू प्राणवायू खात होते, हे ठीक. पण मग तितकाच कर्बवायू हवेत वाढायला हवा होता, तो गेला कुठे? सेवरिंगहाउस, ब्रॉकर आणि सहकाऱ्यांनी कार्बनच्या समस्थानिकांवरून त्याचा माग काढला आणि १९९४ मध्ये तो प्रसिद्ध केला. कर्बवायू काँक्रीटच्या भिंतींनी शोषला होता. काँक्रीटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग होऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट झाले होते. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सातवी-आठवीत करून दाखवतो. तीच अभिक्रिया. प्राणवायू अशा रीतीने भिंतीत जाऊन बसला होता आणि झाडांना तो परत मिळण्याचा मार्ग नव्हता. यानाचा सांगाडा हाही चयापचयात भाग घेतो, हे बर्नाल यांनाही सुचले नसावे.

आता पुन्हा ताफ्याकडे. २००३ साली रोनाल्ड मूर यांनी गॅलॅक्टिकाची कथा नव्याने मांडली आणि ती २००९ पर्यंत चालली. या नव्या मालिकेत नागरी जहाजांना पहिल्यांदा खरे वजन मिळाले. ताफ्याची राष्ट्राध्यक्ष आहे लॉरा रोझलिन. ती शिक्षणमंत्री होती, आणि त्याआधी शाळेत शिकवत होती. अध्यक्षपदाच्या उत्तराधिकाऱ्यांत तिचा क्रमांक ४३ वा. वरचे सगळे मेले म्हणून ती अध्यक्ष झाली. तिच्या खोलीत एक पांढरा फळा आहे, आणि त्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो. रोज पुसायचा, रोज लिहायचा. हजेरी घेण्याची सवय असलेल्या माणसालाच असे सुचते, असे आम्हाला वाटते. सुरुवातीच्या भागातील संकट संपते तेव्हा फळ्यावर ४७,९७२ असतात. एका जहाजावर मूल जन्माला आल्याची बातमी येते आणि ती शेवटच्या २ चा ३ करते.

याच बाईला आरंभी एक भयंकर निर्णय घ्यावा लागतो. ताफ्यातल्या काही जहाजांना प्रकाशाहून वेगाने 'उडी' मारण्याचे यंत्र नाही. शत्रू येतो आहे. उडी न मारू शकणारी जहाजे माणसांसकट मागे सोडायची की सगळ्यांनीच मरायचे? ती सोडून जाण्याचा हुकूम देते. मागे राहिलेल्या जहाजांत एक घुमटांचे, बागेचे जहाज आहे. १९७२ च्या घुमटांची आठवण ठेवून मुद्दाम रेखाटलेले. त्यातल्या गवतावर, झाडांच्या सोबतीत, एक लहान मुलगी बाहुली घेऊन बसली आहे. बाकीची जहाजे उडी मारून नाहीशी होतात, आणि दृश्य संपते. जुन्या मालिकेत तीन शेतीजहाजे होती. नव्या मालिकेने हिरवा घुमट पहिल्याच फेरीत गमावला. त्यानंतर जे काही घडते, ते या एका तुटीचा परिणाम म्हणून वाचता येते.

पाणी पाहा. २००४ मधल्या एका भागात युद्धनौकेच्या टाक्या घातपाताने फुटतात आणि साठ्यातले अर्ध्याहून अधिक पाणी अवकाशात जाते. पाण्याचे पुनर्चक्रीकरण कितीही केले तरी थोडी गळती राहतेच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचे उद्दिष्ट गाठले गेले, आणि ती मोठी कामगिरी मानली जाते. तेथे माणशी रोज सुमारे पावणेचार लिटर पाणी लागते. पन्नास हजार माणसांचे झाले १९० टन. त्याचे उरलेले दोन टक्के म्हणजे रोज ३.८ टन, वर्षाला सुमारे १,४०० टन. म्हणजे टाक्या फुटल्या नाहीत तरी कधीतरी बर्फ शोधायला जावेच लागणार. मालिकेत एका चंद्रावर बर्फ सापडते. मग पुढचा प्रश्न येतो, ते फोडायचे कोणी? ताफ्यात तुरुंगाचे जहाज आहे, त्यातल्या कैद्यांना जुंपावे असा प्रस्ताव निघतो. कैदी बंड करतात. भौतिकीचा प्रश्न असा अर्ध्या तासात नागरिकशास्त्राचा होतो.

त्याच भागात आठवड्याच्या अन्नाचा हिशोब वाचून दाखवला जातो: धान्य ८२ टन, मांस ८५ टन, फळे ११९ टन, भाज्या ३०४ टन. लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास धरली तर माणशी रोज पावणेदोन किलोंच्या थोडे वर पडते. बेरीज बरी आहे. पण धान्याहून मांस जास्त! एक किलो कोंबडीच्या मांसाला दोनेक किलो दाणा लागतो, गोमांसाला त्याच्या कितीतरी पट. ही यादी अमेरिकी स्वयंपाकघरात बसून केलेली आहे. निर्वासितांच्या ताफ्यात डाळ-भात असता तर दिव्यांचे बरेच मेगावॅट वाचले असते.

अखेर २००६ मधल्या एका भागात साठ्यातले अन्नच दूषित होते. उपासमार सुरू होते आणि जवळचा एकमेव अन्नस्रोत म्हणजे एका ग्रहावरचे शेवाळ. वाटेत तीव्र किरणोत्सर्गाचा तारकापुंज. नागरी जहाजांना हाताला धरून तेथून न्यावे लागते, काही जहाजे वाटेत हरवतात. पुढे कित्येक महिने ताफा शेवाळ खाऊन जगतो आणि कुरकुर करतो. १९६१ च्या त्या मॉस्कोच्या पेटीपासून कथा इथवर पोचली, असे आम्ही म्हणू.

आमच्या मते या मालिकेतील सर्वोत्तम भाग लढाईचा नाही, इंधन शुद्ध करणाऱ्या जहाजाचा आहे. तो २००७ मध्ये आला. या जहाजावरचे कामगार हल्ल्याच्या दिवसापासून सुट्टीविना राबत आहेत. यंत्रे मोडकळीस आली आहेत, सुटे भाग नाहीत. लहान मुले पट्ट्याजवळ काम करत आहेत, कारण काम येते ते त्यांच्याच आईबापांना, आणि ते मुलांनाच शिकवणार. ज्याचा बाप शेतकरी तो शेतमजूर, ज्याची आई शुद्धीकरण कामगार तीही तीच. संकटात सोय म्हणून केलेली वाटणी तीन वर्षांत जातीसारखी घट्ट होऊ लागते. शेवटी संप होतो. तो लष्कराच्या धाकाने मोडला जातो, पण कामगारांची संघटना मान्य होते आणि कामाची पाळी सर्वांमध्ये फिरवण्याचे ठरते. प्राणवायू किती टन, वीज किती मेगावॅट हे आम्ही वर मांडले. तो पट्टा कोणी फिरवायचा, हे त्या समीकरणांतून निघत नाही.

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या 'अरोरा' या २०१५ च्या कादंबरीत एकच यान आहे, ताफा नाही. पण त्यात बर्नाल यांच्या चयापचयाचा धागा फार पुढे नेलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या प्रवास चालू असताना यानातला फॉस्फरस हळूहळू अशा संयुगांत अडकत जातो, की पिकांना तो मिळेनासा होतो. शत्रू नाही, स्फोट नाही, नुसते एक मूलद्रव्य जागच्या जागी हरवते. बायोस्फिअरच्या काँक्रीटचा धडा लेखकाने नीट गिरवलेला दिसतो.

गॅलॅक्टिकाचा शेवट २० मार्च २००९ रोजी दाखवला गेला. ताफ्याला राहण्याजोगा हिरवा ग्रह सापडतो. सुमारे अडतीस हजार माणसे उरली आहेत. ती थोडेसे सामान घेऊन खाली उतरतात, गटागटाने पांगतात, आणि सगळी जहाजे सूर्यात लोटून दिली जातात. नव्याने सुरुवात करायची, जुने ओझे नको, असा विचार. मालिकेच्या चाहत्यांमध्ये यावरून बरेच वाद झाले. आमचा आक्षेप साधा आहे. नव्या मातीत पहिले पीक हाती यायला, सगळे ठीक झाले तरी, चार महिने लागतात. तोवर अडतीस हजार माणसांनी रोज काय खायचे? युद्धनौका खुशाल सूर्यात टाकावी. पाण्याच्या टाक्या, शेवाळाचे हौद आणि बियाण्याची एखादी कोठी, एवढे तरी पहिला दाणा भरेपर्यंत कक्षेत फिरत ठेवायचे होते.